शाळा काढणाऱ्या बायकांचा युद्धाशी काय संबंध?

'सदाशिवपेठी', नमस्कार. समाजसुधारक स्त्रिया आणि जागतिक शांतता या माझ्या लेखावरची तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. खालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून स्वतंत्र लिहितेय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई यांनी शाळा काढल्या, आश्रम चालवले, त्यांना ओढूनताणून जागतिक शांततेच्या मांडवात बसवू नका. बायका जात्याच शांतताप्रिय असतात हे थोतांड आहे. आणि पहिलं महायुद्ध चालू असताना १९१५ मध्ये नेदरलँड्समधल्या हेगला भरलेली महिला परिषद म्हणजे चहापाण्याची सभा, तिच्यामुळे युद्ध एक दिवसही लवकर संपलं नाही.

मधला मुद्दा आधी निकालात काढते, कारण तिथे आपलं भांडणच नाही. ब्रिटनच्या एमेलिन पँकहर्स्टबाईंनी बायकांच्या मताधिकारासाठी तुरुंग भोगला, आणि १९१४ मध्ये युद्ध पेटताच चळवळ गुंडाळून त्या सैन्यभरतीच्या प्रचाराला लागल्या. त्यांचीच मुलगी सिल्व्हिया मात्र युद्धाविरुद्ध उभी राहिली. सैन्यात न गेलेल्या, साध्या कपड्यातल्या तरुणांना भित्रे ठरवून पांढरी पिसं वाटत हिंडणाऱ्याही बायकाच होत्या. माझं म्हणणं एवढंच, की ज्या बायका गल्लीबोळातल्या लोकांच्या दुखण्याखुपण्याला भिडल्या, त्यांच्यातल्या काहींना त्याच कामाने युद्धाच्या प्रश्नापर्यंत नेलं.

अमेरिकन समाजसेविका जेन अ‍ॅडम्सबाईंना लेखात दोन ओळींत उरकलं होतं, इथे जरा सैल हाताने लिहिते. १८८९ साली त्यांनी एलेन गेट्स स्टार या मैत्रिणीबरोबर शिकागोच्या गरीब वस्तीत हल हाऊस हे तिथल्या लोकांसाठीचं सेवाकेंद्र सुरू केलं. आजूबाजूला इटालियन, जर्मन, आयरिश, रशियातून आलेले ज्यू. गल्ल्यांत कचऱ्याचे लाकडी खोके तुडुंब, आणि त्यांच्याच भोवती खेळणारी पोरं. बाईंनी कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठी स्वतःच निविदा भरली! ती तांत्रिक कारणावरून बाद झाली (आपल्याला यात नवीन काही नाही), पण बोभाटा एवढा झाला की १८९५ मध्ये महापौरांनी त्यांनाच वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमलं. सकाळी सहाला उठून त्या गाड्यांच्या मागे फिरत. एका अरुंद रस्त्यावरचा थर उपसला, तर अठरा इंच खाली चक्क फरसबंदी निघाली. तिथल्या इटालियन रहिवाशांना फारसं नवल वाटलं नाही, गाडलेली शहरं उकरलेली पाहायची त्यांना सवयच असावी, असं बाईंनी मिस्कीलपणे लिहून ठेवलंय.

हे एवढं सांगितलं ते गंमत म्हणून नाही. युरोपात एकमेकांचे पिढीजात वैरी म्हणवणारे लोक या वस्तीत एकाच नळावर पाणी भरत होते, एकमेकांच्या आजारपणात धावत होते. युद्धाशिवाय माणसं राहू शकतात, हे बाईंना तिथे रोज दिसत होतं.

आता तुमची चहापाण्याची सभा. ती २८ एप्रिल १९१५ला सुरू झाली. सहाच दिवस आधी शेजारच्या बेल्जियममध्ये, ईप्रला, जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला होता. शंभरावर ब्रिटिश स्त्रियांना हेगला यायचं होतं. सरकारने मोजक्याच जणींना परवाने दिले आणि मग जहाजवाहतूकच बंद केली. पोचल्या तिघी. सभागृहात जर्मन आणि बेल्जियन बायका एकत्र बसल्या, अध्यक्षस्थानी अ‍ॅडम्सबाई. तटस्थ देशांनी सतत मध्यस्थी करत राहावी हा ठराव घेऊन त्यांची शिष्टमंडळं लढणाऱ्या देशांच्या मंत्र्यांना भेटून आली. कुणी ऐकलं नाही, हे खरंच आहे. पण न ऐकणाऱ्यांचा हिशेब सांगणाऱ्यांच्या नावावर का मांडायचा?

१९१९ मध्ये याच बायका झुरिचला जमल्या. व्हर्सायच्या तहाच्या अटी नुकत्याच बाहेर आल्या होत्या. यातून द्वेषच पेरला जाईल आणि पुढची युद्धं उगवतील, असं त्यांनी ठरावात बजावलं. जर्मनीची नाकेबंदी उठवा, मुलं उपाशी मरताहेत, हेही सांगितलं. वीस वर्षांनी काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. युद्धाला विरोध केला म्हणून अ‍ॅडम्सबाईंना मायदेशात लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. १९३१चं नोबेल फार उशिरा आलं.

पुण्याकडे येते. सावित्रीबाईंनी जागतिक शांततेचं काम केलं, असं मी म्हणणार नाही. १८९७च्या प्लेगात हडपसरजवळ दत्तक मुलगा यशवंतच्या दवाखान्यात रुग्ण आणता आणता त्यांना लागण झाली, १० मार्चला त्या गेल्या. याला कुठलीही मोठी पाटी लावायची गरज नाही. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या वृत्तपत्रात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयात बायकांचे कसे हाल होतात ते जाहीर केलं. तेव्हाचं पुणं म्हटलं की आपल्याला रँड आणि चापेकर आठवतात. हे पत्र किती जणांना माहीत आहे?

पण एक धागा पुण्यातूनच थेट संयुक्त राष्ट्रांपर्यंत जातो, आणि तो तुमच्या प्रतिक्रियेत नाही. जानेवारी १९२७, फर्ग्युसन कॉलेज. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. विषय मुलींचं शिक्षण, बस्स. शिक्षणाचं बोलायचं तर बालविवाहाचं बोलावंच लागतं. तिथून मग कायदा, मताधिकार असं करत याच परिषदेच्या पुढे अध्यक्ष झालेल्या हंसा मेहता १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून बसल्या. शाळेपासून निघालेली वाट ही अशी जाते. यात ओढाताण कुठली?

शेवटी तुम्ही लिहिलंय, की तुमच्या आत्या पुण्याच्या सेवासदनात शिकून नर्स झाल्या आणि त्यांनी जन्मात कधी 'जागतिक शांतता' म्हटलं नाही. पटतं. सेवासदनाच्या रमाबाई रानड्यांनी विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडायला सुरुवात केली, तेव्हा भल्या घरची बाई परक्या पुरुषांच्या जखमा धुणार म्हणून लोक नाकं मुरडत होते. तुमच्या आत्यांच्या वेळी ते कितपत निवळलं होतं? त्यांच्या आठवणी घरात कुणाला ठाऊक असतील तर लिहून पाठवा. तुमच्याच नावाने, एक अक्षर न बदलता छापेन.