गॅलरीतलं जलविद्युत केंद्र

गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी रात्री पुण्यातल्या घराघरांत बादल्या भरल्या जातात. त्या बादल्यांकडे वीजनिर्मितीच्या नजरेनं बघणारा माणूस शहरात बहुधा मी एकटाच. निमित्त, चिरंजीवांच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन. ज्वालामुखी काय, सगळेच करतात. आम्ही केल्विनचं थेंबांचं जनित्र करायला घेतलं.

१८६७ साली लॉर्ड केल्विननं (तेव्हा तो अजून लॉर्ड नव्हता, विल्यम थॉमसन होता) ही करामत मांडली. वर पाण्याची टाकी, तिला दोन बारीक तोट्या. प्रत्येक धारेभोवती, तिला न शिवणारं पत्र्याचं कडं. खाली दोन पातेली. डावं कडं वायरनं उजव्या पातेल्याला जोडायचं, उजवं डाव्याला. मग नुसतं पाणी सोडायचं. मोटर नाही, पातं नाही. एका पातेल्यात योगायोगानं कणभर ऋण प्रभार जास्त असला, की त्याला जोडलेलं पलीकडचं कडं आपल्या थेंबांवर धन प्रभार खेचतं. ते थेंब खालच्या पातेल्यात पडतात आणि तिथला धन प्रभार पहिल्या बाजूच्या कड्याला जाऊन उलटा उद्योग करतो. थोडक्यात, भाऊबंदकी. मूळ कारण कुणालाच आठवत नाही, पण दोन्ही घरं एकमेकांना चढवत राहतात आणि शेवटी ठिणगी पडते.

तपकीर गल्लीत वायर घेताना दुकानदारानं विचारलं, "कशाला हवीय?" सांगितलं. "वीज कशाला करता? बिल भरा," म्हणत त्यानं वायर मोजली.

खरी मेख श्रावणात. धार नेमकी कड्यात पोचल्यावर तुटून थेंब व्हायला हवी; अखंड राहिली तर प्रभार वेगळा होतच नाही. म्हणून मी स्टुलावर चढून तोट्या केसभर पिळतोय, खाली चिरंजीव "बाबा, अजून धारच आहे" असं ओरडतायत. एवढं जमल्यावर दमट हवा आडवी आली. पातेल्यांखालच्या प्लास्टिकच्या डब्यांवर ओलसर थर बसतो आणि जमलेला प्रभार त्यावरून गुपचूप पळून जातो. तिकडे खडकवासल्यातून नदीत पाणी सोडलेलं, आभाळात विजांचा धुमाकूळ, आणि इकडे मी हजार वॅटच्या हेअर ड्रायरनं डबे वाळवतोय.

"अहो, ही वीज तयार करायला आधी किती वीज घालवणार आहात?" हिनं आतून विचारलं.

पण मग जमलं! कडेचे थेंब सरळ पडायचे सोडून बाहेर फाकायला लागले, काही तर वळून कड्यावरच आदळले. दोन पातेल्यांना जोडलेल्या तारांच्या टोकांत जेमतेम मिलिमीटरची फट होती. तेवढी ओलांडायला हवेत साधारण ३,००० व्होल्ट लागतात. चट्! निळसर ठिणगी.

नेमकी तेव्हाच आई गॅलरीत आली. "अरे, दुधाचं पातेलं इथे काय करतंय?" म्हणत तिनं हात घातला आणि लगेच काढला.

"काही होत नाही गं, आई. व्होल्ट हजारो असले तरी करंट नगण्य."

"तुझ्या बाबांचंही तसंच होतं."

रात्री हिशेब केला. २० लिटरची बादली अर्धा मीटर खाली ओतली तर मिळणार जेमतेम ९८ जूल. एकही जूल वाया न जाता मिळाला, तरी ९ वॅटचा एलईडी दिवा ११ सेकंद टिकायचा नाही. एक युनिट हवं तर अशा ३६ हजारांवर बादल्या. मुळशी धरणाचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात का नेतात, ते गॅलरीत उभं राहिल्यावरच नीट कळतं. हा हिशेब मी हिला सांगितला नाही. तिनं रिकाम्या बादल्या बघून आपला वेगळा केला होता.

सोमवारी शाळेची सूचना आली: पाणी आणि वीज एकत्र वापरणारे प्रकल्प सुरक्षिततेच्या कारणास्तव स्वीकारले जाणार नाहीत.

"आई, घरात खायचा सोडा आहे का गं?" चिरंजीवांनी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.