ओव्हनवर परत शून्य

परत गेली लाईट! या महिन्यात तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा माझा ऑटोक्लेव्ह, म्हणजे झिंक ऑक्साइडचे बारीक क्रिस्टल बनवायचं घट्ट बंद स्टीलचं भांडं, ओव्हनमध्ये होता.

काल संध्याकाळी सहाला झिंक नायट्रेट आणि कॉस्टिक सोड्याचं सोल्युशन टेफ्लॉनच्या कपात भरलं, स्टीलचं झाकण तळहाताला वळ उठेपर्यंत आवळलं, १६० डिग्रीला १२ तास लावून घरी गेले कारण आठनंतर लॅबमध्ये थांबूच देत नाहीत. सकाळी निमाणीवरून पहिली बस पकडून आले तर डिस्प्लेवर शून्य लुकलुकतंय आणि ऑटोक्लेव्ह कोमट. लाईट कधी गेली? वॉचमन काका म्हणतात दोनला, गेटबाहेरचा चहावाला म्हणतो चारला. आता थिसिसमध्ये काय लिहू मी, आठ तास की दहा?

आणि वर सगळे सांगतात, "अगं परत लाव ना, त्यात काय!" अहो तो भात नाहीये, कच्चा राहिला म्हणून परत झाकण ठेवायला! तापलेलं असताना आत बारीक क्रिस्टल विरघळत असतात आणि त्यांचं झिंक ऑक्साइड मोठ्यांवर जाऊन बसत असतं, तास बदलले की साइज बदलली. माझं सगळं कामच ६, १२, १८, २४ तासांत साइज कशी वाढते यावर आहे आणि त्यातला १२ चाच पत्ता नाही.

बरं, डोळ्याला काही कळतही नाही. सेंट्रिफ्यूज करून, पाण्याने-इथेनॉलने धुवून, वाळवून हातात येते ती पांढरी पावडर, चांगल्या बॅचचीही तश्शीच. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी क्रिस्टल तपासायचं मशीन, आमच्याकडे नाही, सॅम्पल बाहेर पाठवायचं आणि तीन-तीन आठवडे वाट बघायची. त्याच्या ग्राफमध्ये ३६.२ डिग्रीच्या कोनावरचा पीक (उंचवटा) जितका रुंद तितका क्रिस्टल बारीक: ०.४ डिग्री रुंद आला तर साइज काढायच्या शेररच्या सूत्राने साधारण २१ नॅनोमीटर, ०.२ आला तर दुप्पट. एवढ्याशा फरकावर माझी दोन वर्षं टांगलीयेत!

ऑफिसात पंखा फिरायला इन्व्हर्टर आहे. ओव्हनसाठी अर्ज केला तर म्हणे एवढा लोड झेपणार नाही. मग झेपेल असा घ्या ना! नाहीतर निदान लाईट गेलेली वेळ नोंदवणारा कंट्रोलर तरी बसवा, एवढंही जमत नाही?

ती बॅच फेकली. कप घासून परत १२ तास लावलेत आत्ता, आणि त्र्यंबकच्या बाजूने आभाळ भरून आलंय.