तैलचित्रावर बटाटा घासू नका

काळवंडलेलं जुनं तैलचित्र घरच्या घरी उजळवण्याचा एक उपाय सध्या सगळीकडे फिरतो आहे. कच्चा बटाटा मधोमध कापायचा, चित्रावर घासायचा, ओल्या फडक्याने पुसायचं, वरून जवसाचं तेल चोळायचं आणि तासभर उन्हात ठेवायचं. येशू-मरियेची जुनी चित्रं मेणबत्त्यांच्या धुराने काळी पडतात आणि बटाट्याने ती नव्यासारखी होतात, असं त्यात म्हटलेलं असतं. या कृतीतली एकही पायरी बरोबर नाही.

काळं दिसतंय म्हणजे चित्र मळलंय, असं नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पेनमधल्या सेव्हिल शहराचा चित्रकार मुरिल्यो याने साधारण १६५० साली रंगवलेलं पवित्र कुटुंबाचं चित्र आहे. योसेफला बिलगलेल्या बाळ येशूने मुठीतला चिमुकला पक्षी उंच धरलाय, खाली पांढरं कुत्रं त्याच्याकडे टक लावून बघतंय, आणि सूत गुंडाळता गुंडाळता मरियेची नजर तिकडे गेली आहे. मागची खोली जवळजवळ अंधारात आहे. तो अंधार चित्रकाराने रंगवलेला आहे. त्याच्यामुळेच बाळाच्या अंगावर उजेड पडल्यासारखा वाटतो.

शिवाय त्या काळी सेव्हिलचे चित्रकार कॅनव्हासवर सरसाचा हात देऊन मग तिथलीच तपकिरी माती जवसाच्या तेलात घोटून तिचं अस्तर लावत. तिथल्याच पाचेको या चित्रकाराच्या १६४९ साली छापलेल्या ग्रंथात ही कृती आहे. तेलातला रंग जसजसा जुना होतो तसतसा पारदर्शक होत जातो, आणि सावलीच्या पातळ थरांतून खालचं अस्तर डोकावू लागतं. स्माल्ट ही निळ्या काचेची पूडही तेलात हळूहळू राखाडी पडते, कारण तिच्यातलं पोटॅशियम आजूबाजूच्या तेलात झिरपतं. हे बदल रंगाच्या पोटात झालेले असतात, ते पुसून जात नाहीत. पुसता येतात त्या दोनच गोष्टी: वर बसलेली धूळ-काजळी आणि तिच्याखालचं पिवळं पडलेलं वार्निश. त्यातलं वार्निश बटाट्याला दादच देत नाही.

बटाटा नैसर्गिक आहे, त्याने काय होणार? बटाट्यात जवळपास ऐंशी टक्के पाणी असतं. उरलेल्यात मुख्यतः स्टार्च, थोडी साखर आणि थोडी आम्लं. घासताना थोडी काजळी निघते, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण जुन्या रंगावर केसासारख्या भेगांचं जाळं असतं. स्टार्च त्या भेगांत जाऊन बसतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. पाणी त्याच भेगांतून खाली सरसापर्यंत पोचतं. सरस फुगतो, घट्ट विणीचं लिननचं कापड ओलं झाल्यावर आकसतं, आणि वरच्या कडक रंगाला आकसता येत नाही. मग तो तंबूसारखा उचलला जाऊन खपल्या सुटतात. हे नुकसान कधी लगेच दिसतं, कधी काही महिन्यांनी. मधल्या काळात चित्र ‘उजळल्याचा’ फोटो सगळीकडे जाऊन पोचलेला असतो. ओल्या फडक्याचंही हेच. वार्निशवर पांढुरकी झाक आली तर ओल आत शिरली असं समजायचं.

संग्रहालयात तर थुंकी वापरतात, मग बटाटा का नको? थुंकी वापरतात हे खरं आहे. लाळेतलं अमायलेज हे विकर मळातला पिष्टमय भाग तोडतं, आणि पोर्तुगालच्या तीन संशोधकांनी १९९० मध्ये त्यावर रीतसर अभ्यासही प्रसिद्ध केला. पण वापरायची पद्धत बघा. काडीवर गुंडाळलेला कापसाचा छोटा बोळा जेमतेम ओलसर करतात. आधी कडेला एक सेंटिमीटरभर जागेत चाचणी घेतात. बोळा घासत नाहीत, फिरवत नेतात. त्यावर रंगाची छटा दिसली की त्याच क्षणी थांबतात. वार्निश काढणं हे पूर्णपणे वेगळं काम आहे. अतिनील दिव्याखाली जुनं राळेचं वार्निश हिरवट चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी गडद दिसते. ते पाहून सगळ्यात सौम्य द्रावकापासून सुरुवात करतात.

तेलाने रंगाला पोषण मिळतं, असंही सांगतात. रंगाची कातडी नसते, त्याला पोषण लागत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, काही वर्षांत पिवळं-तपकिरी पडतं आणि अडकलेल्या धुळीसकट चिवट पापुद्रा बनतं. तो काढायला इतका तीव्र द्रावक लागतो की खालचा मूळ रंगच विरघळायची भीती असते. या एका पायरीने पुढच्या जाणकाराचेही हात बांधले जातात, म्हणून आमच्या मते सगळ्यात घातक हीच. खोबरेल लावलं तर ते वाळतच नाही, वर्षानुवर्षं धूळ ओढत राहतं.

‘उन्हात वाळवा’ हा सल्लाही चुकीचा. तैलचित्रासाठी साधारण २०० लक्स प्रकाश पुरेसा मानतात. भर दुपारच्या उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो. लाल लेक (वनस्पती किंवा किड्यांपासून काढलेले) रंग त्यात उडतात आणि सरस सुकून ठिसूळ होतो.

मुळात तुमच्या घरातलं चित्र तैलचित्र आहे का, ते आधी बघा. गोवा-वसईकडच्या जुन्या घरांतली पवित्र कुटुंबाची कित्येक चित्रं छापील असतात. काहींवर कॅनव्हासचा पोत उठवून वार्निशही दिलेलं असतं. भिंगातून ठिपके दिसले तर तो कागद आहे, आणि ओला बटाटा लागला की त्याचा लगदा होईल.

घरी करता येईल ते एवढंच: खोली अंधारी करून टॉर्चचा झोत बाजूने, चित्राला जवळजवळ समांतर टाका. उचललेल्या कडा दिसल्या तर हातच लावू नका. पृष्ठभाग सपाट असेल तर मऊ, कोरड्या, रुंद कुंचल्याने वरून खाली धूळ झाडा. पिसांचा झाडू नको, त्याच्या काड्या भेगांत अडकतात. पावसाची ओल येणाऱ्या भिंतीवर टांगलं असेल तर जागा बदला, आणि मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळायला दोनएक सेंटिमीटर फट ठेवा. मेणबत्ती चित्राच्या थेट खाली नको. रंग गळायला लागला असेल तर चित्र उताणं, सपाट ठेवा, पडलेल्या खपल्या कागदाच्या पुडीत जपा आणि ती पुडी चित्रासोबतच चित्र-जतन करणाऱ्याकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असं जतन केंद्र आहे. फ्रेमवाल्याकडे किंवा फर्निचर पॉलिश करणाऱ्याकडे हे काम देऊ नका.