बालवाडी, भामटा आणि एक कंपासपेटी

आत्ताच पाडव्याच्या कार्यक्रमाहून आलेय. पुरणपोळ्यांचे रिकामे डबे गाडीतच आहेत, साडीसुद्धा बदललेली नाही. रात्री लिहिलेलं सकाळी वाचलं की मला लाज वाटते आणि मी काढून टाकते, म्हणून आत्ताच टाकतेय.

तर झालं असं. जेवणाच्या रांगेत एक ओळखीचे गृहस्थ (नाव घेत नाही, त्यांची बायको इथे माझ्या यादीत आहे आणि ती बिचारी चांगली आहे) म्हणाले, "वहिनी, युनिव्हर्सिटीत जाताय म्हणे?" म्हटलं, हो, क्रिमिनॉलॉजी आणि सोशिऑलॉजी, सध्या फाउंडेशन इयर चालू आहे. तर म्हणतात, "फाउंडेशन म्हणजे बालवाडीच की! नापास पोरं भरतात त्यात." आणि वर, "या वयात गुन्हेगारी शिकून काय, दादांवर नजर ठेवणार का?"

रांगेतले आठ-दहा जण हसले. मीपण हसले. खरा राग त्याचाच येतोय.

भारतातल्या मैत्रिणींसाठी सांगते. इंग्लंडमध्ये डिग्री तीन वर्षांची. ज्यांच्याकडे ए-लेव्हलचे (म्हणजे इथल्या बारावीचे) पुरेसे मार्क नाहीत, किंवा माझ्यासारखी ज्यांची सोलापुरातली बारावी पंचवीस वर्षांपूर्वी होऊन गेलीय, त्यांच्यासाठी आधी एक जादा वर्ष असतं. त्यात निबंध कसा लिहायचा, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या लिखाणात कसं घ्यायचं, आकड्यांकडे कसं बघायचं हे शिकवतात. आणि विषयाची तोंडओळख. बालवाडीत १,५०० शब्दांचे निबंध लिहून घेत असतील तर ही बालवाडी, माझी काही हरकत नाही.

फी मात्र बालवाडीची नाही. सोशिऑलॉजीसारख्या विषयांच्या फाउंडेशन वर्षाला २०२५ पासून ५,७६० पौंडांची मर्यादा घातलीय, म्हणून मी अर्ज केला. पुढची तीन वर्षं दर वर्षी साडेनऊ हजारांच्या वर. सगळं कर्जाने. पगार वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेला तर वरच्या रकमेतले ९ टक्के कापणार, आणि चाळीस वर्षांत फिटलं नाही तर उरलेलं माफ. तेव्हा मी नव्वदीला टेकलेली असेन. घेऊन जा म्हणावं तेव्हा कवळी.

आता मुद्द्याचं.

माझ्या वर्गात कोण आहे? एक पोरगा, ज्याला शाळेने पंधराव्या वर्षी काढून टाकलं. एक मुलगी, जी सांभाळायला घेणाऱ्या एका परक्या कुटुंबातून दुसऱ्यात अशी वाढली. एक गोदामात रात्रपाळी करून डोळे चोळत येणारा बाप्या. आणि मी, शाळेत दुपारच्या जेवणावर देखरेख करणारी बाई, जी पोरांना 'मटार संपव' सांगून धावत लेक्चर गाठते. ही तुमची नापास पोरं.

पहिल्या टर्मला लोंब्रोसो आला. इटलीतला डॉक्टर. १८७६ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटीवरून आणि जबड्यावरून ओळखू येतो. वर्गातली पोरं हसायला लागली, कसली वेडी माणसं होती म्हणून. मला हसू येईना. मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा, खरं सांगते, इतक्या लोकांत इंग्रजीत बोलायला हात वर केला आणि म्हटलं, त्याच्या पाच वर्षं आधी तुमच्या सरकारने आमच्याकडे हाच कायदा केला होता.

१८७१. क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट. अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार. आधी उत्तरेत आणला, मग १९११ च्या कायद्याने देशभर मोकळं रान. नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरकरांना सांगायला नको, आपल्याकडे या जमातींना डांबलेली सेटलमेंट होती, तारेच्या कुंपणाआड. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती माणसं सुटली. गोरा देश सोडून गेल्यावर पाच वर्षांनी! म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखतात.

बाईंनी स्लाइड थांबवली आणि मला दहा मिनिटं बोलू दिलं. माझं व्याकरण पार कोसळलं होतं, कुणी हसलं नाही. (पाडव्याच्या रांगेत आपलीच माणसं हसली. असो.)

तिथेच मला ती कंपासपेटी आठवली.

पाचवीत होते. शाळेचं नाव सांगत नाही. एका मुलीची नवी कंपासपेटी हरवली, डॉक्टरांची मुलगी होती. सर म्हणाले, ज्याने घेतली असेल त्याने मुकाट्याने द्या. कुणी दिली नाही. मग सरांनी एकच पिशवी तपासली, सेटलमेंटमधून येणाऱ्या पोराची. युरियाच्या पोत्याची शिवलेली पिशवी होती. टेबलावर उपडी केली. एक वही, अर्धी भाकरी फडक्यात, गोट्या. कंपासपेटी नव्हती. तरी त्याला दोन छड्या बसल्या, कुठे लपवलीस म्हणून. चार दिवसांनी पेटी त्या मुलीच्या घरी सापडली. आणि पोरगा परत शाळेत आला नाही.

दुसऱ्या टर्मला बेकर वाचला. अमेरिकेतला, १९६३ चं पुस्तक. त्याचं म्हणणं साधारण असं की कोण गुन्हेगार हे नुसत्या कृत्यावर ठरत नाही, ठप्पा मारायचा अधिकार कुणाच्या हातात आहे त्यावरही ठरतं. शाळेतून काढलेला तो पोरगा एरवी तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "हे मला चौदाव्या वर्षी कुणी सांगायला हवं होतं." बस, एवढंच बोलला. घरी येऊन मी धुणं वाळत घालताना रडले, का ते मला विचारू नका.

आणि आपली भाषा बघा. विमुक्तांच्या सरकारी यादीत राजपूत भामटा अशी जमात आहे. आणि आपण भामटा म्हणजे काय म्हणतो? जातीच्या नावाची शिवी करून वर्षानुवर्षं घरात वापरतोय, आणि म्हणे ठप्पे इंग्रजांनी मारले.

हां, आता समोरची बाजू. काही युनिव्हर्सिट्यांनी फीसाठी वाटेल त्याला फाउंडेशनला भरलं असेल. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या ऑगर समितीनेही या वर्षाला सरकारी पैसा देणं थांबवा असंच सुचवलं होतं. कॉलेजातला ॲक्सेस कोर्स (मोठ्या वयात डिग्रीला जाणाऱ्यांची तयारी करून घेणारा) स्वस्त पडतो, पुढे डिग्री पूर्ण केली तर त्याचं कर्ज माफही होतं. मान्य. पण तो माझ्या नोकरीच्या वेळेत बसत नव्हता, आणि माझं गणित मी केलंय, तुम्ही नका करू. नोकरीचं विचारणाऱ्यांनाही एकदाच सांगते: प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख) आहे, वाट चुकलेल्या पोरांबरोबरचं काम आहे, गुन्ह्याची झळ बसलेल्यांना आधार देणाऱ्या संस्था आहेत. रक्ताचे डाग तपासायला जाणार नाहीये, ते टीव्हीवर. आणि काहीच नाही झालं तर मटार आहेतच.

रांगेतले ते गृहस्थ वाईट नाहीत, हेही लिहिते. आमची गाडी बर्फात अडकली होती तेव्हा रात्री अकराला तेच केबल घेऊन आले होते. आणि मी तरी कोण लागून गेले? गेल्या वर्षीपर्यंत मीही 'फाउंडेशनला गेला म्हणजे ए-लेव्हलला आपटला असणार' असं एका मैत्रिणीच्या मुलाबद्दल बोललेय. फोनवर. चवीने.

इथे १९८२ पासून एक पाहणी होते. घरोघरी जाऊन विचारतात, तुमच्या बाबतीत काय काय गुन्हे घडले. कारण पोलिसांच्या वहीत सगळं येत नाही. हे शिकले तेव्हा उलटंच मनात आलं. आमच्या पाचवीच्या वर्गात तर चोरी झालीच नव्हती, शिक्षा मात्र पूर्ण झाली. ही मोजायची कुठे?

निबंधात मी हे सगळं घातलं होतं. बाईंनी समासात प्रेमाने लिहिलं की वैयक्तिक आठवण म्हणजे पुरावा नव्हे, स्रोत द्या. बरोबर आहे त्यांचं. मी कंपासपेटी काढून टाकली आणि कायद्याचं कलम घातलं. मार्क बरे पडले.

पण एक गोष्ट निबंधातही नव्हती, आणि वरही मी ती गाळली. सरांनी आपणहून नव्हती ती पिशवी उचलली. सर सगळ्यांकडे बघत होते. "सर, त्याची बघा," असं कुणीतरी म्हटलं होतं. दुसऱ्या बाकावरून. दोन वेण्या, लाल रिबिनी. मी.

मला त्याचं नाव आठवत नाही. तासभर आठवतेय.

येताना गाडीत मी गप्प होते. नवऱ्याला वाटलं, त्या बालवाडीचंच लागलंय. सिग्नलला माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "सोड गं, भामटा आहे तो एक नंबरचा."

माझ्या बाजूनेच बोलत होता. मी हात काढून घेतला. का, ते त्याला अजून कळलेलं नाही. खाली डबे आणायला गेलाय.