वास घ्या, मत द्या

पूर्वी नाशिककराला पाहुण्यांची धास्ती नसे. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, जमलं तर त्र्यंबकेश्वर, येताना मिसळ आणि निघताना हातात चिवड्याचं पाकीट. पाहुणा पुण्य पदरात पाडून गाडीत बसायचा. मग २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, गंगापूर धरणाच्या अंगाने वाइनऱ्या वाढल्या आणि पाहुणे रामकुंडाकडे पाठ करून विचारू लागले, "टेस्टिंगला कधी न्यायचं?"

या फेब्रुवारीत पुण्याचा मेहुणा आला. नेमके त्याच दिवशी पिंपळगाव बसवंतचे मामाही घरी होते. मामा द्राक्षबागायतदार, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाले, "घेणार नाही मी, पण येतो. द्राक्षाचं पुढं काय करत्यात ते बघू तरी."

आधी बाग दाखवतात. मामांनी एक घड उचलून धरला आणि त्यांचा चेहरा पडला.

"मणी लई बारीक. डिपिंग चुकलं का रे?" डिपिंग म्हणजे मणी फुगावा म्हणून घड औषधात बुडवणं.

माहिती देणारा पोरगा हसला. "काका, वाइनला बारीकच मणी लागतो. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी लहान, तेवढी रसाच्या मानाने साल जास्त."

अठरा मिलिमीटरचा मणी बसावा म्हणून मामांनी उभा जन्म घालवलेला. विरळणी, डिपिंग, रात्री-अपरात्री फवारणी. फुगवणच नको, हे ऐकून ते क्षणभर बोललेच नाहीत. मग हळूच विचारलं, "ब्रिक्स?" म्हणजे रसातल्या साखरेचं माप. "बावीस-चोवीसला तोडतो," पोरगा म्हणाला. मामांनी मान डोलावली. एवढी गोडी त्यांना मान्य होती. पलीकडे हौशी मंडळी पिंपात उभी राहून द्राक्षं तुडवत होती, तिकडे मात्र त्यांनी बघायचं टाळलं.

स्टीलच्या टाक्या वगैरे झाल्या. आता खरा प्रसंग.

टेस्टिंग म्हणजे तोंडी परीक्षा. ग्लासात तळ झाकेल एवढी वाइन ओततात, ती गरगर फिरवायची, नाक आत घालायचं आणि कशाचा वास येतो ते चारचौघांत सांगायचं. चव घेऊन थुंकायला भांडंही ठेवलेलं असतं, पण तिकीट काढून मिळालेली वस्तू थुंकावी असे संस्कार आमच्यावर झालेले नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या मुंबईच्या बाईंना लगेच लिची सापडली. मेहुण्याला "किंचित लिंबाची फुलं". माझं नाक प्रामाणिक. त्याला वाइनमध्ये वाइनचा वास येत होता.

"सर, तुम्हाला?" पोराने मला गाठलंच. मघाशी कुणीतरी पेरू म्हटल्याचं आठवलं. आवाजात शक्य तेवढा आत्मविश्वास आणून म्हणालो, "पेरू."

"पेरू मागच्या ग्लासात होता सर. आता सॉव्हिन्यॉं ब्लां चालू आहे."

मेहुणा खोकला. मामांनी शांतपणे माझा ग्लास ओढला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "ढोबळी मिरची."

पोरगा उडालाच. "बरोबर काका! हीच तर याची खूण!"

मग ग्लास आधी मामांकडे जाऊ लागले. शिराझ हुंगून म्हणाले, "मिरी." पुढच्या लाल वाइनला, "हिला लाकडात ठेवली होती." ती ओकच्या पिंपातलीच निघाली. मुंबईच्या बाई लिची सोडून मामांच्या टेबलाशी आल्या. मेहुण्याने लिंबाच्या फुलांचा विषय पुन्हा काढला नाही. एवढ्या गर्दीत एक थेंबही न घेतलेला माणूस एकटाच होता आणि पैकीच्या पैकी गुण त्यालाच. पोरगा तर शेवटी त्यांना वेलीवरच्या डावणी रोगावर औषध कोणतं मारावं ते विचारत होता.

बाटल्यांच्या काउंटरवर मामांनी हिशोब मांडला. बाटलीला द्राक्षं किती? किलो-सव्वा किलो. मग बाटलीवरची किंमत वाचली. "आणि आम्ही किलोमागं दोन रुपयांसाठी व्यापाऱ्याशी भांडतो," म्हणाले आणि बाटली जपून जागेवर ठेवली. मेहुण्याने ढोबळी मिरचीवालीच घेतली.

बाहेर पडताना दारात अभिप्रायाची वही. वाइन कशी वाटली ते लिहायचं. मेहुण्याने अर्धं पान भरलं. मामांनी चष्मा लावून लिहिलं, "बाग स्वच्छ. डावणी दिसली नाही. मण्याला फुगवण कमी."

वही माझ्याकडे आली. मी खाली लिहिलं, "वरीलप्रमाणे."