"रिकामटेकड्यांचे उद्योग" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोल या अमेरिकन गणितज्ञांनी 2 चा 67 वा घात वजा 1 या संख्येचे दोन अवयव शोधले, त्याला म्हणे तीन वर्षांचे रविवार लागले, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर द्यायचं नाही असं ठरवून झोपलो, पण सकाळी परत वाचली तरी तेवढीच लागली म्हणून लिहितोय.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. 2 चा 67 वा घात वजा 1, म्हणजे 147573952589676412927, या संख्येचा मोठा अवयव लिहिताना माझ्याकडून एक 8 राहून गेला. बरोबर आकडा 761838257287. दुरुस्त केलाय, धन्यवाद.

पण "पायथन जे सेकंदात करतं त्यासाठी रविवार घालवणं म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग" हे काय बोलणं झालं? चूक दाखवायला एवढं तुसडं कशाला व्हायला पाहिजे? कोलनी हे अवयव 1903 मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडलं, तेव्हा कुठला संगणक आणि कुठलं पायथन. मर्सेन या फ्रेंच गणितज्ञांनी 1644 मध्ये ही मूळ संख्या म्हणून यादीत घातलेली. तिचा अवयव शोधायचा तर 134 ने भागून 1 बाकी उरते अशाच संख्यांमध्ये शोधायचा, एवढीच काय ती सोय, आणि लहान अवयव 193707721 हा त्या रांगेत 14,45,580 वा आहे! एकेकाने भागून बघत बसले असते तर जन्म गेला असता, म्हणून वर्गशेषांची चाळणी (पूर्ण वर्गाला भागल्यावर कोणत्या बाक्या उरू शकतात ते बघून नको त्या संख्या गाळायच्या) लावत लावत त्यांनी रांग कमी केली. त्याला डोकं लागतं हो.

आणि रिकामटेकडं कोणाला म्हणताय? माझे वडील मार्केट यार्डात हिशेब लिहायचे, आयुष्यभर, आणि घरी आल्यावर आम्हा भावंडांना नवाचा ताळा (आकड्यांची बेरीज एक आकडा उरेपर्यंत करून उत्तर तपासायचं) त्यांनीच शिकवला. मी या दोन अवयवांचा गुणाकार लेख लिहायच्या आधी हाताने केलाय, चौकटीच्या वहीत, दोन संध्याकाळी. गुणक म्हणजे लहान अवयव नऊ आकडी, त्यात एक शून्य, म्हणजे आठ ओळी. त्यातली सातची ओळ तीनदा येते, 5332867801009, ती आता मला पाठ आहे. पहिल्यांदा बेरजेत एक हातचा सुटला आणि उत्तर चुकलं, ते ताळ्यातच कळलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं. दोन्ही अवयवांचा ताळा 1, गुणाकाराचाही 1. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असतं असं नाही, हे मलाही कळतं, म्हणून मग एकवीसच्या एकवीस आकडे एकेक करून ताडून बघितले. हे करताना अंगावर काटा आला होता. तुम्ही एंटर दाबून उत्तर बघितलंत, चांगलं आहे, पण मग दुसऱ्याच्या संध्याकाळींची किंमत तुम्ही ठरवू नका.

ल्यूका या फ्रेंच गणितज्ञांनी 1876 मध्येच ही संख्या मूळ नाही हे दाखवलं होतं, मग कोलनी नवीन काय केलं, असंही तुम्ही विचारलंय. ल्यूका मला माहीत आहेत, लेखात नाव नाही म्हणजे वाचलेलं नाही असं होत नाही. एकही अवयव हातात नसताना त्यांनी ते दाखवलं, तो विषय मोठा आहे आणि त्यावर आत्ता वाद घालत नाही. तीन वर्षांचे रविवार ही दंतकथा आहे म्हणता, असेल, मी "म्हणे" असंच लिहिलंय, नीट वाचा.

वहीच्या त्या पानाचा फोटो लेखात टाकतोय. खोडलेली बेरीजही त्यात आहे.