'माणूस गेला, एवढंच म्हणा' असं म्हणणाऱ्यांना

जून महिना आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे मागेपुढे होतात, म्हणणं तेच असतं. परदेशातल्या कुठल्याशा क्लबात गोळीबार झाला, त्याच्या मेणबत्त्या इथे कशाला? माणसं गेली एवढंच म्हणा, ती समलिंगी होती हे कशाला सांगता? कोर्टाने यांना सगळं देऊन टाकलंय. काही करायचंच असेल तर रक्तदान करा. आणि दुःख घरच्यांना करू द्या, संघटनांनी मध्ये पडू नये. आपल्याकडच्या एखाद्या समलिंगी किंवा ट्रान्स मुलाने जीव दिला, तरी हाच मेसेज येतो, फक्त पहिली ओळ गाळून.

पाठवणारे बहुतेक जण मनाने वाईट नसतात. मला उत्तर द्यावंसं वाटतं ते त्यामुळेच.

परदेशाचं आधी. 12 जून 2016 च्या पहाटे अमेरिकेत ऑरलँडोच्या 'पल्स' या गे क्लबात एका बंदूकधाऱ्याने 49 जणांना ठार मारलं. त्या रात्री तिथे लॅटिन संगीताचा कार्यक्रम होता, मेलेल्यांत लॅटिन कुटुंबांतली तरुण मुलंमुली जास्त होती. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर जगभरच्या शहरांत मुंबईसाठी मेणबत्त्या लागल्या, तेव्हा तुमचा काय संबंध असं आपण कुणाला विचारलं नव्हतं. इथे तर संबंध आणखी जवळचा आहे. डोंबिवलीहून लोकलने येणारा, घरी काहीच न सांगितलेला मुलगा ती बातमी वाचतो आणि मनाशी म्हणतो, आपल्यासारखे जमतात तिथेच मारलं. त्याच्यासाठी ती परदेशातली बातमी राहत नाही. आणि हा विषयच बाहेरून आलाय म्हणणाऱ्यांनी आपल्याच शहराचा इतिहास बघावा. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत. वाचकांच्या समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नांना छापून उत्तरं दिली, म्हणूनही त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आता ज्या वाक्यावर सगळे माना डोलावतात ते: माणूस गेला, एवढंच म्हणा. ऐकायला हे मोठ्या मनाचं वाटतं. पण पल्समधली माणसं सिनेमाच्या रांगेत उभी असताना मेली नाहीत. आपण जसे आहोत तसे बिनधास्त वावरू शकू, अशा एका जागी ती जमली होती आणि तिथेच मारली गेली. काही आईबापांना आपल्या मुलाबद्दलची ही गोष्ट कळली ती त्याच्या मृत्यूच्या बातमीसोबत. ते गाळलं की त्या रात्री काय घडलं हेच कळत नाही.

इथे ते गाळल्यावर काय होतं, हे मी दादरच्या एका हॉलमध्ये पाहिलंय. ओळखीतला एकजण अपघातात गेला, त्याची शोकसभा होती. पेपरातल्या निधनवार्तेत आई, भाऊ, वहिनी, पुतणे, सगळ्यांची नावं होती. ज्याच्यासोबत त्याने भाड्याच्या घरात इतकी वर्षं संसार केला, त्या जोडीदाराचं नाव नव्हतं. तो मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. हातात गेलेल्याचा वाचायचा चष्मा. हॉस्पिटलातून मिळालेली पिशवी भावाकडे गेली होती, चष्मा घरी टेबलावर राहिला म्हणून याच्याकडे. शेजारच्या काकूंनी आपुलकीनेच विचारलं, "तुम्ही त्याच्या ऑफिसातले का?" तो "हो" म्हणाला. चहा आला तेव्हा उठून निघून गेला. घरच्यांचं सांत्वन करायला सगळे रांगेत उभे होते, याच्या खांद्यावर कुणी हात ठेवला नाही. काय सांत्वन करायचं आणि कुणाचं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ट्रान्स बाईच्या, म्हणजे मुलगा म्हणून वाढवलेल्या पण बाई म्हणून जगणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला याहून वाईट येतं. वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेले नातेवाईक देह घ्यायला येतात. केस कापले जातात, शर्ट-पँट चढवली जाते, जुन्या नावाने अंत्यसंस्कार होतात. तिच्या आजारपणात उशाशी बसलेली, तृतीयपंथी समाजातली तिची गुरू आणि गुरुबहिणी फाटकाबाहेर उभ्या राहतात. याला 'माणूस म्हणून निरोप' म्हणणं मला मान्य नाही. एक मात्र खरं, जिवंतपणी ज्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याच्याबद्दल आपण गावभर करू नये. तिथे गप्प राहणं हाच आदर. पण जो उघडपणे जगला, त्याला मेल्यावर लपवणं वेगळं.

कोर्टाने सगळं दिलं म्हणतात, तर काय दिलं ते पाहू. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध 377 कलमातून बाहेर काढले. म्हणजे तुरुंगाची भीती गेली. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला. लग्न नाही म्हणजे जोडीदार कायद्याने नातेवाईक नाही, आणि याचा खरा अर्थ शवागाराच्या दारात कळतो. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून जोडीदाराला देह ताब्यात घेता यावा असं सुचवलं, पण जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. ते हजर असतील तर पुन्हा मागची रांग. त्याच वर्षी फेब्रुवारीत केरळमधल्या एका तरुणाला आपल्या जोडीदाराच्या देहासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. देह अखेर घरच्यांकडेच गेला. हिंसेचंही तसंच. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला 6 महिने ते 2 वर्षं शिक्षा आहे. बाईवरच्या बलात्काराला किमान 10 वर्षं. हे 'सगळं' असेल तर फारच थोडं आहे.

रक्तदानाचा सल्ला वाचला की मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आपल्याकडच्या रक्तदात्यांच्या निवडीच्या 2017 च्या नियमांनुसार ट्रान्स व्यक्ती आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांना रक्त देता येत नाही, कायमचंच. दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरियासाठी तपासणी होते, तरीही. एकाच जोडीदारासोबत वर्षानुवर्षं राहणाऱ्यालाही हाच नियम. या नियमाला 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. ऑरलँडोच्या हल्ल्यानंतर तिथल्या अनेक गे पुरुषांनाही आपल्याच मित्रांसाठी रक्त देता येत नव्हतं. अमेरिकेने 2023 मध्ये नियम बदलला, आता सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारतात. मंडळाच्या शिबिरात फॉर्म भरताना एकतर खोटं लिहायचं, नाहीतर चारचौघांत परत फिरायचं, असं ज्यांच्या नशिबी आहे त्यांना 'रक्त द्या' सांगताना थोडा विचार व्हावा.

राहिलं घरच्यांचं. घर मायेचं असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. पण पुष्कळ मुलांनी मुंबई गाठली ती घरातून निघावं लागलं म्हणूनच. त्यांच्यासाठी रात्री-अपरात्री हॉस्पिटलात आणि पोलीस ठाण्यात कोण उभं राहतं? 1994 पासून समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे. मालाड-मालवणीकडे ट्रान्स व्यक्तींसाठीची सखी चारचौघी ही संस्था आहे. आणि 'स्वीकार' हा तर मुंबईत आईवडिलांनीच उभा केलेला गट आहे, म्हणजे तिथे घरचेच संघटना झालेत. यांनी मध्ये पडू नये म्हणणाऱ्याने आधी त्या वेळी स्वतः जायची तयारी ठेवावी.

अशी बातमी आली की आपल्या इमारतीतल्या, ऑफिसातल्या त्या एका मुलाला किंवा मुलीला फोन करा. कारणं विचारू नका, "जेवलास का?" एवढं पुरे, आणि डबा घेऊन जा. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करा, तोवर बाकीच्यांचे थांबलेले असतात. बोलणं जीव नकोसा होण्याकडे वळत असेल तर 14416 हा सरकारी टेलि-मानस क्रमांक लावून द्या, मराठीतही बोलता येतं, आणि बोलणं संपेपर्यंत शेजारी बसा. जोडप्याला ओळखत असाल तर मृत्युपत्र करून ठेवा म्हणून सांगा. बँक खात्यावर जोडीदाराला नॉमिनी करता येतं, हे अर्थ मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केलंय. शाखेतला कर्मचारी नाही म्हणाला, तर सोबत जा.